स्टेटस, बयाज आणि आपण

माझ्या नानांकडे एक बयाज होती. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. बयाज म्हणजे आवडलेले शेर, नज्मा, कधी एखादी दुआ, कधी खोकल्याच्या काढ्याचा नुस्खासुद्धा उतरवून ठेवण्याची वही. नाना सोलापुरात गिरणीत मागावर कामाला होते. शाळा जेमतेम चौथीपर्यंत झालेली. पण दुसऱ्या पाळीवरून आले की जेवण करून ते ती वही उघडायचे. शेर लिहायचे, त्याखाली शायराचे नाव लिहायचे आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात तो कुठे ऐकला ते. 'रेडिओवर.' 'उरुसातल्या मुशायऱ्यात.' 'दर्जीचाचांच्या तोंडून.' शायर कोण हे ठाऊक नसेल तर ते प्रामाणिकपणे 'नामालूम' असे लिहीत. त्या वहीत असे कितीतरी 'नामालूम' आहेत. वही आता माझ्याकडे आहे. तिची पाने पिवळी पडली आहेत, पण एकही शेर खोट्या नावावर खपवलेला नाही.

दुसरी गोष्ट जून २०२३ मधली आहे. मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात जे घडले, ते ताजे होते. शाळा उघडून दोन-चार दिवसच झाले होते. नववीतल्या एका मुलाचे वडील मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. हातगाडीवर फळे विकणारा माणूस. धंदा सोडून आला होता. मुलाचा मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "मॅडम, इसमें क्या लिख्या है, जरा मराठी में लिखके देव." घरमालकाने विचारले होते, आणि यांना स्वतःला उर्दू वाचता येत नव्हते. मी पाहिले. काळ्या चित्रावर एक जळता दिवा, त्यावर उर्दू लिपीत एक शेर. दिवा वाऱ्याशी भांडतो आहे, एवढाच त्याचा आशय. खाली 'मिर्झा गालिब'. शेर गालिबचा नव्हता आणि फारसा बराही नव्हता. मी एका कागदावर मराठीत अर्थ लिहून दिला. त्यांनी तो डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी मुलाला विचारले, "बेटा, या शेराचा अर्थ काय?" तो म्हणाला, "मालूम नहीं मॅडम. अच्छा दिखता है."

नानांची बयाज आणि त्या मुलाचे स्टेटस, यांच्यामध्ये जे अंतर आहे त्याविषयी मला लिहायचे आहे. मी काही संगणकशास्त्राची जाणकार नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत भाषा शिकवते. पण माझे विद्यार्थी पाठ्यपुस्तकाबाहेर जे काही वाचतात, त्यातले बहुतेक स्टेटसवर आणि ग्रुपवरच वाचतात. तेव्हा हाही एक वाङ्मयप्रकार समजून त्याची समीक्षा करणे भाग आहे. ज्याचा वाचकवर्ग एवढा मोठा आणि ज्याचे परिणाम एवढे गंभीर, त्याला 'पोरखेळ' म्हणून सोडून देता येणार नाही.

स्टेटसचे व्याकरण

चोवीस तासांनी पुसले जाणारे चित्रांचे स्टेटस व्हॉट्सॲपवर फेब्रुवारी २०१७ मध्ये आले. त्यापूर्वी फक्त नावाखाली एखादी ओळ लिहिता येत असे. चोवीस तासांचे आयुष्य असलेली रचना म्हणून त्याकडे पाहिले, तर तिचे काही नियम दिसतात.

बयाज स्वतःसाठी असते. महफिल ओळखीच्या माणसांसाठी असते. तिथे शेर ऐकवणारा समोरच्यांचे चेहरे बघतो, कोण रुसेल, कोण हसेल याचा अंदाज घेतो. स्टेटस मात्र ज्याचा ज्याचा नंबर मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे, त्या सगळ्यांसाठी असते. त्यात मामू असतात, मशिदीतले इमामसाहेब असतात, घरमालक असतो, गॅसची टाकी आणणारा असतो आणि शाळेतली मॅडमही असते. एकच शेर या सगळ्यांना एकाच आवाजात सांगितला जातो. उर्दू कवितेच्या इतिहासात इतका बेफिकीर श्रोतृवर्ग कधी नव्हता. ट्रकच्या पाठीवर लिहिलेला शेरसुद्धा निदान मागून येणाऱ्या ड्रायव्हरला उद्देशून असतो.

दुसरे असे की, स्टेटसवरचा शेर 'हा शेर चांगला आहे' असे सांगत नाही. तो सांगतो, 'मी असा आहे.' मी शूर आहे, मी दुखावलेला आहे, मी दीनदार आहे, मला कोणाची पर्वा नाही. कवितेचे काम माणसाच्या मनात काहीतरी हलवणे हे असते. इथे तिला छातीवर लावायच्या बिल्ल्याचे काम दिलेले आहे. बिल्ला वाचायचा नसतो, लांबून ओळखायचा असतो. म्हणूनच त्या मुलाला अर्थ ठाऊक नसूनही काही अडले नाही. 'अच्छा दिखता है' हे त्याचे उत्तर या वाङ्मयप्रकाराची अगदी अचूक व्याख्या आहे.

या बिल्लेबाजीत तीन गोष्टी हरवतात: नाव, इशारा आणि शेवट. एकेक पाहू.

नाव हरवते

२६ जून २०१९ रोजी राज्यसभेत पंतप्रधानांनी आपल्या भाषणात गालिबचा म्हणून एक शेर वाचला. चेहऱ्यावर धूळ असताना आरसा पुसत बसणाऱ्या माणसाचा. तो शेर गालिबच्या दीवानात नाही. जावेद अख्तर यांनी लगेच ते जाहीरपणे सांगितले. त्याआधी कित्येक वर्षे तो शेर मोबाइलवरून फिरत होता, आणि त्याला फिरवणाऱ्यांत आपणही होतो हे मान्य केले पाहिजे. संसदेपर्यंत पोचलेली चूक आपल्याच मोहल्ल्यातून निघाली होती.

चुकीच्या नावाचा हा रोग जुना आहे. गालिब सुरुवातीला 'असद' हे तखल्लुस वापरत. याच तखल्लुसाच्या दुसऱ्या एका सामान्य शायराचे शेर लोक त्यांच्या नावावर खपवू लागले, म्हणून वैतागून त्यांनी 'गालिब' हे नाव धरले, असे सांगितले जाते. 'सरफरोशी'ची प्रसिद्ध गझल बिस्मिल अजीमाबादी यांची, पण ती ओठावर घेऊन फासावर गेलेल्या रामप्रसाद बिस्मिल यांच्याच नावाने ती लोकांना ठाऊक आहे. तिथे तर एका अर्थाने त्या गझलेला दुसरा जन्म मिळाला. त्याबद्दल तक्रार करवत नाही.

मग आज तक्रार कशाची? मोबाइलवरचा बनावट गालिब नेहमी उपदेशच करतो, याची. तो आईबापांची सेवा करायला सांगतो, दोस्तांच्या बेइमानीवर बोलतो, पैशाला तुच्छ लेखतो. खरा गालिब कर्जात बुडालेला होता, पेन्शनसाठी कलकत्त्यापर्यंत खेटे घालणारा होता, जन्नतीवर शंका घेऊन स्वतःच हसणारा होता. खोट्या शेरांच्या ढिगाखाली हा शंकेखोर, हसरा, अडचणीतला माणूस गाडला गेला. नाव चुकले की केवळ श्रेय चुकत नाही, एक आख्खा स्वभाव पुसला जातो.

इथे ऑनलाइन जगाचीच एक चांगली बाजू सांगायला हवी. संजीव सराफ यांनी जानेवारी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'रेख्ता'वर आज कोणताही शेर शोधता येतो. उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत तो वाचता येतो. शब्दावर बोट ठेवले की अर्थ उमटतो. नानांना हे मिळाले असते तर त्यांच्या वहीतले निम्मे 'नामालूम' नाहीसे झाले असते. खोटे शेर पसरवणारे साधन आणि खरे शेर दाखवणारे साधन एकाच खिशात आहे. फरक फक्त थांबून शोधण्याच्या सवयीचा आहे.

पण उर्दूची शिक्षिका म्हणून माझ्या मनात एक कुरकुर राहते. आमच्याच मुली आता शेर देवनागरीत किंवा रोमनमध्ये लिहितात. भाषेचा गोडवा हवा, लिपीचे कष्ट नकोत. अर्थात मी स्वतः हा लेख देवनागरीत लिहिते आहे, तेव्हा लिपीच्या सोवळ्याओवळ्याचा आव मला आणता येणार नाही. शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून 'योगसंग्राम' मराठीत लिहिला आणि वलीने औरंगाबादच्या मातीतून गझल उचलली. आपल्याकडे भाषा आणि लिपी यांची सरमिसळ नवी नाही. चिंता एवढीच की, लिपी वाचता येणारे कमी झाले की ती लिपी नुसते चित्र होते. आणि चित्राला कोणीही कोणताही अर्थ चिकटवू शकतो. त्याकडे पुढे येते.

इशारा हरवतो

फैज अहमद फैज यांनी १९७९ मध्ये जनरल झिया यांच्या हुकूमशाहीच्या काळात 'हम देखेंगे' या नावाने ओळखली जाणारी नज्म लिहिली. इकबाल बानो यांनी ती १९८६ मध्ये लाहोरात गायली आणि ध्वनिफितींवरून ती सगळीकडे गेली. डिसेंबर २०१९ मध्ये जामियातल्या विद्यार्थ्यांना पाठिंबा देण्यासाठी कानपूरच्या आयआयटीत विद्यार्थी जमले, तेव्हा ती म्हटली गेली. त्याची चित्रफीत पसरली. नज्मेत मूर्ती हटवण्याचा आणि फक्त अल्लाहचे नाव उरण्याचा उल्लेख आहे, म्हणून ती हिंदूविरोधी आहे, अशी तक्रार झाली. संस्थेने त्या प्रकाराच्या चौकशीसाठी समिती नेमली.

ज्या कवीला त्याच्या देशातल्या धर्माचे नाव घेणाऱ्या हुकूमशहाविरुद्ध लिहावे लागले, त्याच्या कवितेवर इथे धर्मवेडाचा आळ आला. फैज साम्यवादी होते. त्यांच्या कवितेतली मूर्ती म्हणजे देवळातली मूर्ती नव्हे, गादीवर बसून स्वतःची पूजा करून घेणारा सत्ताधीश. उर्दू गझलेच्या वाचकाला हे शिकवावे लागत नसे. 'बुत' म्हणजे प्रेयसी किंवा जुलमी, 'काफिर' म्हणजे लाडकी बेवफा, 'शेख' म्हणजे ढोंगी उपदेशक आणि 'मयखाना' म्हणजे मोकळ्या मनाची जागा, हा संकेत शेकडो वर्षांत हिंदू आणि मुसलमान शायरांनी मिळून बांधला होता. मराठी माणसालाही हे अवघड जाऊ नये. एकनाथांच्या भारुडातला विंचू हा खराखुरा विंचू नसतो, हे निरक्षर वारकऱ्याला कळते. तो ऐकून कोणी वैदूला बोलवायला पळत नाही.

कडवे मात्र संदर्भातून कापले आणि वीस सेकंदांच्या चित्रफितीत घातले की संकेत मागे राहतो, शब्द तेवढे पुढे जातात. संकेत समूहाने जपलेला असतो, शब्द कोणालाही मिळतात.

पण बोट फक्त दुसरीकडे दाखवून भागणार नाही. आपल्या ग्रुपवर काय चालते? गालिबचा जन्नतीविषयीचा एखादा मिश्किल शेर कोणी टाकला की पाच मिनिटांत 'अस्तगफिरुल्लाह' येते, 'हे शिर्क आहे' असा फतवावजा इशारा येतो आणि टाकणारा गुपचूप पुसून टाकतो. शब्दाला शब्दशः धरणारा वाचक दोन्ही बाजूंना तयार झाला आहे. एकाला 'बुत' शब्दात आपल्या देवाचा अपमान दिसतो, दुसऱ्याला 'मय' शब्दात आपल्या दीनाचा. दोघे एकमेकांचे विरोधक आहेत असे वाटते, पण वाचनाच्या बाबतीत ते सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही कवितेतला इशारा नको आहे.

शेवट हरवतो

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. हिंदू आणि तुर्क एकमेकांच्या धर्मावर तोंड भरून टीका करतात. आजच्या भाषेत सांगायचे तर दोघांवरही भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल होईल, इतके तिखट बोलतात. पण संवाद तिथे संपत नाही. भांडून भांडून दोघे एका समजुतीवर येतात आणि एकमेकांना आलिंगन देतात. त्या रचनेचा अर्थ तिच्या शेवटात आहे. आता कल्पना करा, तिच्यातली मधली चार कडवी कापून कोणी मोबाइलवर सोडली. एकनाथांना कोणी संत म्हणेल का?

इकबालांच्या 'शिकवा'वरही त्यांच्या काळी मोठा गदारोळ झाला होता. बंद्याने खुदापुढे गाऱ्हाणे मांडावे, हे अनेकांना सहन झाले नाही. इकबालांनी १९१३ मध्ये 'जवाब-ए-शिकवा' लिहिला आणि गाऱ्हाण्याला उत्तर दिले. वाद कवितेने सुरू झाला आणि कवितेनेच पुढे गेला. स्टेटसवर आज 'शिकवा'तले कडवे भेटते. 'जवाब' क्वचितच भेटतो. गाऱ्हाणे मांडायला दोन ओळी पुरतात, उत्तराला मात्र सवड लागते.

पूर्वीही वाद होते. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाचा पहिला मेळा १९९० मध्ये सोलापुरात भरला. तेव्हा मी जेमतेम पाळण्यात असेन. पण 'मुस्लिम मराठी' ही ओळख असावी की नसावी, यावर किती तावातावाने बोलले जायचे हे मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. माणसे समोरासमोर बसून भांडत आणि मग एकाच दस्तरखानावर जेवत. भांडणाला शेवट होता, कारण समोर माणूस होता. आताच्या वादाला शेवट नसतो. चोवीस तासांनी स्टेटस पुसले जाते, पण त्याचे छायाचित्र कोणाच्या तरी मोबाइलमध्ये उरते आणि वर्षभराने पुन्हा बाहेर येते.

लिपी चित्र होते तेव्हा

ऑक्टोबर २०२१ मध्ये एका कपड्याच्या कंपनीने दिवाळीच्या सुमारास आपल्या कपड्यांना 'जश्न-ए-रिवाज' असे नाव दिले. सणाचे इस्लामीकरण होते आहे म्हणून समाजमाध्यमांवर गिल्ला झाला आणि कंपनीने जाहिरात मागे घेतली. एप्रिल २०२२ मध्ये फराळी चिवड्याच्या पाकिटावर 'उर्दू' मजकूर का, असा जाब एका दूरचित्रवाहिनीच्या वार्ताहराने दुकानात जाऊन विचारला. तीही चित्रफीत देशभर फिरली. तो मजकूर उर्दू नव्हता, अरबी होता. बाहेरच्या देशांत माल विकायचा तर तिथली भाषा पाकिटावर छापावी लागते. विचारणाऱ्याला दोन्ही लिप्यांतला फरक माहीत नव्हता, आणि गंमत म्हणजे आपल्यापैकी अनेकांनाही तो सांगता आला नाही.

आपल्या महाराष्ट्रातले प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होते. १९५६ पासून तिथे उर्दूचा वापर होत आला आहे. माजी नगरसेविकेने आक्षेप घेतला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी तो फेटाळला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा ही प्रदेशाची आणि लोकांची असते, उर्दू याच भूमीत जन्मलेली आहे, असा त्या निकालाचा आशय. मी तो निकाल वर्गात सोप्या उर्दूत आणि मग मराठीत समजावून सांगितला. मुले टाळ्या वाजवू लागली, तेव्हा मी त्यांना एक प्रश्न विचारला. आपण तरी उर्दूला धर्मापासून वेगळे ठेवतो का? आपल्या घरात उर्दू लिपी आता कुठे दिसते? जुम्म्याच्या मुबारकबादीत, दुआच्या चित्रात, जनाजाच्या खबरीत. भाजीची यादी, दुकानाचा हिशेब, बहिणीला पाठवायचा निरोप, हे सगळे रोमनमध्ये. प्रेमचंद, कृश्न चंदर, राजिंदरसिंह बेदी यांची ही लिपी आपणच मशिदीच्या दारात नेऊन बसवली, तर बाहेरच्याला ती तिथेच दिसणार. टाळ्या थांबल्या. हा प्रश्न मला स्वतःलाही लागू होता.

किंमत

या सगळ्याला केवळ साहित्यिक चर्चा म्हणता आले असते तर किती बरे झाले असते. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या तरुण अभियंत्याला जमावाने ठार मारले. फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे आली होती. मोहसीनचा त्यांच्याशी काहीही संबंध नव्हता. तो मूळचा आमच्या सोलापूरचा. नमाज पढून परतत होता. दाढी आणि टोपी, एवढाच त्याचा 'मजकूर' वाचला गेला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष सुटका केली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षुकी करणाऱ्या पाच डवरी गोसाव्यांना जमावाने मारले. ते तर मुसलमान नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आणि ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात काही पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार झाला. इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्या पोरांत अल्पवयीनही होते.

१ जानेवारी २०२२ ला तर आपल्या शंभराहून अधिक मुली आणि स्त्रिया सकाळी उठल्या तेव्हा त्यांची छायाचित्रे एका ॲपवर 'लिलावाला' लावलेली होती. पत्रकार, विद्यार्थिनी, कार्यकर्त्या. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या स्त्रिया. तक्रारी झाल्यावर मुंबई पोलिसांनी ज्यांना पकडले, ती विशी-एकविशीतली शिकणारी मुले होती, त्यांत एक मुलगीही होती. बातमी वाचून मला आधी संताप आला आणि मग भीती वाटली. पकडलेली मुले माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाची होती. समोरच्या बाईलाही एक घर, एक आई, एक अपुरी राहिलेली वही असते, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. आणि खरे सांगायचे तर, त्या वेळी आपल्यातलेच काही 'जाणते' या मुलींनाच सांगत होते की फोटो टाकायचेच कशाला! अपराध कोणाचा आणि उपदेश कोणाला!

मग गप्प बसावे का?

कोल्हापूरनंतर आमच्या मोहल्ल्यात घरोघरी एकच हुकूम निघाला: स्टेटस ठेवायचे नाही. आईबापांची भीती मला कळते. त्या फळवाल्या अब्बांचा चेहरा मी विसरलेले नाही. पण गप्प बसणे हा उपाय मला पटत नाही. जे मूल भीतीने गप्प बसते, ते भाषा सोडते. आणि भाषा सोडलेल्या मुलाच्या हाती उद्या कोणीही तयार घोषणा देऊ शकतो.

शिवाय या माध्यमाने दिलेले देणे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. चौकातल्या मुशायऱ्यात रात्री दोनपर्यंत बसण्याची मुभा आमच्या मुलींना कधीच नव्हती. आज त्या कानात वायर घालून स्वयंपाकघरात मुशायरा ऐकतात. राहत इंदौरी सुरुवातीला दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पुढे उर्दूचे प्राध्यापक झाले. ११ ऑगस्ट २०२० रोजी ते गेले, तेव्हा माझ्या वर्गातल्या उर्दूत कच्च्या असलेल्या मुलानेही हळहळ व्यक्त केली. त्यांच्या एका चेष्टेखोर गझलेचा तुकडा त्याला मोबाइलवर विनोद म्हणून भेटला होता. विनोदाच्या दारातून का होईना, तो कवितेच्या घरात आला होता. त्याला आत कोणी बसवून घेतले नाही, तर चूक त्याची नाही, आपली आहे. लॉकडाऊनमध्ये मालेगाव, भिवंडी, परभणी इथल्या लिहिणाऱ्या माणसांनी एकमेकांना पडद्यावर पाहिले आणि ऐकले. प्रवासखर्चाअभावी जी संमेलने झाली नसती, ती झाली.

म्हणून माझा प्रश्न माध्यमाबद्दल नाही, सवयीबद्दल आहे. ऑनलाइन जमाव लवकर जमतो. महफिल जमायला वेळ लागतो. जमावाला एकमेकांचे नाव ठाऊक नसते. महफिलीत शमा ज्याच्यापुढे येते त्याचे नाव पुकारले जाते, त्याचे ऐकून घेतले जाते आणि पटले नाही तरी त्याला उठवून लावत नाहीत. जमावाच्या साधनावर महफिलीचा अदब आणता येईल का, हा आपल्या पिढीपुढचा खरा सांस्कृतिक प्रश्न आहे. मोठे उत्तर माझ्याकडे नाही. एक छोटा प्रयोग आहे.

गेली दोन वर्षे माझ्या वर्गात प्रत्येक मुलाकडे एक बयाज असते. साधी शंभर पानी वही. नियम एकच. स्टेटसवर जो शेर ठेवायचा तो आधी या वहीत उतरवायचा आणि त्याखाली तीन गोष्टी लिहायच्या. शेर कोणाचा? तो कशाबद्दल बोलतो? आणि त्याच्या पुढेमागे काय आहे? उत्तर सापडले नाही तर 'नामालूम' लिहायचे, गालिबच्या गळ्यात बांधायचा नाही. चौथी गोष्ट मी नंतर वाढवली. आपल्या इमारतीतल्या मराठी शेजाऱ्याने विचारले तर त्याला मराठीत अर्थ सांगता येईल, अशी दोन वाक्ये लिहायची. ही चौथी गोष्ट मुलांना सर्वांत अवघड जाते. पण त्यातूनच त्यांचे मराठी सुधारले आहे आणि उर्दूही.

फळवाल्या अब्बांचा तो मुलगा आता कॉलेजात आहे. मागच्या रमजान ईदला त्याने मला वहीतल्या एका पानाचे छायाचित्र पाठवले. शेर ठीकठाक होता. खाली मराठीत दोन वाक्यांत अर्थ लिहिला होता, थोडा चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घांसह. आणि शायराच्या नावाच्या जागी लिहिले होते: 'नामालूम. ढूँढ रहा हूँ.'

नानांची बयाज मी त्या दिवशी पुन्हा काढून पाहिली.